निघालेल्या ट्रकला हाक

मी गाव सोडलं त्या दिवशी जीप साखर कारखान्याच्या कॉलनीच्या फाटकापाशी उभी होती. सामान टपावर बांधून झालं होतं. पुतण्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, तो मला मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडायला येणार होता. रडणाऱ्या बाया रडून घेत होत्या. मी रडले नाही, मला एवढ्या लोकांसमोर रडता येत नाही. जीप सुटली आणि तेव्हा माझ्या धाकट्या जावेच्या, शांताच्या, लक्षात आलं की माझा चष्मा चुलीवरच्या फळीवरच राहिला.

शांताचा आवाज तुम्हाला घरच्या सगळ्यांना माहीत आहे. तिने बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातला बैल मान वर करतो. पण त्या दिवशी तिने तोंड घट्ट मिटलं, पदर खोचला आणि चष्मा हातात धरून जीपच्या मागे पळत सुटली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तिची एक चप्पल रस्त्यातच राहिली. गतिरोधकापाशी जीप हळू झाली तेव्हा ती जीपला मागे टाकून पुढे गेली, वळून समोर उभी राहिली, हात आडवा केला आणि मग बोलली, "डोळे घरीच ठेवून चालल्या का आक्का?" सगळे हसले. मीही हसले. पण ती हाक का मारत नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं, आणि तिने ती मारली नाही म्हणून मला बरं वाटलं होतं.

नवीन पिढीला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमचे मालक कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचे. एका सकाळी ते निघाले आणि भाकरीचं फडकं घरी राहिलं. मी मागून हाक मारली. ते परत आले, फडकं घेतलं, मला दोन शब्द बोलले आणि गेले. दुपारी कॅनॉलच्या पुलावर ट्रॉली उलटली. ट्रॉलीचा टायर पार गुळगुळीत झाला होता, महिनाभर ते टायर बदला म्हणून कारखान्यात सांगत होते. माणूस टायरने गेला, हाकेने नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. मी चौथी शिकलेली आहे, अगदीच अडाणी नाही. पण त्यानंतर मी कोणालाही मागून हाक मारली नाही. सुनील, माझा मुलगा, शाळेला निघाला आणि डबा विसरला तर तो दिवसभर उपाशी राहायचा. आणि आठवण होऊन तो स्वतःच परत आला तर मी त्याला आधी खाली बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि मग पुन्हा निघायला लावायची. त्याला उशीर होऊन छड्या बसायच्या. बसू देत, असं मला वाटायचं.

तर सुनील साखरेचंच शिकला आणि साखरेच्याच कामाला अमेरिकेत गेला. त्याच्याबरोबरची मुलं कॉम्प्युटरमध्ये गेली, ती सगळी सांता क्लाराकडे. तिथे म्हणे वर्षभर आपल्या दिवाळीसारखी हवा असते. हा गेला नॉर्थ डकोटाला. तिथे ऊस नाही, बिटाची साखर करतात. बीट म्हणजे आपण कोशिंबिरीला घेतो ते लाल नव्हे. पांढरं, मुळ्यासारखं, मांडीएवढं जाड. पानगळीच्या दिवसांत ते उपटतात आणि माळावर ढीग लावतात. ढीग म्हणजे आपल्या कारखान्याच्या गोदामाहून उंच, आणि लांब इतका की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस दिसत नाही. सगळा हिवाळा ते ढीग उघड्यावर गोठून राहतात आणि कारखाना थोडं थोडं गाळत जातो. सुनीलचं काम त्या ढिगांवर लक्ष ठेवायचं. ढिगाच्या पोटात कुठे ऊब धरली की बीट सडतं. म्हणून लांब सळई खुपसून आत गरम लागतं का ते बघत तो हिंडायचा. आम्ही घरात थंडीला भ्यायचो आणि तो तिकडे उबेला भ्यायचा.

मी आले ती उन्हाळ्यात. हिरवंगार होतं, मला वाटलं बरं आहे. मग हिवाळा आला. तुम्हाला इथली थंडी शब्दांत सांगता येणार नाही, मी प्रयत्नही करत नाही. एवढंच सांगते, श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात. पाणी उकळून दाराबाहेर फेकलं तर ते खाली पडत नाही, त्याचा धूर होतो. सून माधुरीने मला हे पहिल्याच आठवड्यात करून दाखवलं. तिला ती गंमत वाटली. मला रात्रभर झोप आली नाही. जी हवा उकळतं पाणी जमिनीवर पडू देत नाही, त्या हवेत माझा मुलगा रोज एकटा जातो, एवढंच डोक्यात राहिलं.

जायचा तो कारखान्याच्या डिझेलच्या ट्रकने. ट्रक म्हणजे आपला मालाचा नव्हे, पुढे माणसं बसतात आणि मागे उघडा हौदा. त्या ट्रकच्या तोंडातून, जाळीतून, एक काळी वायर बाहेर लोंबायची, पुढे पिन. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, हे काय लोंबतंय. सुनील म्हणाला, हा ब्लॉक हीटर. इंजिनाच्या पोटात शेगडी आहे असं समज. रात्री ट्रक उभा केला की ही पिन एक्स्टेंशनच्या वायरला जोडायची, ती वायर घराच्या भिंतीवरच्या बोर्डात. रात्रभर इंजिन उबदार राहतं आणि सकाळी सुरू होतं. नाही जोडली तर आतलं तेल गुळाच्या काकवीसारखं घट्ट होतं, मग किल्ली कितीही फिरवा.

मला यात नवल वाटलं नाही. पौष महिन्यात मालक पहाटे ट्रॅक्टरमध्ये बादलीभर कढत पाणी ओतायचे, तेव्हा तो खोकत खोकत सुरू व्हायचा. पण आपल्याकडे ट्रॅक्टर सुरू नाही झाला तर माणूस शिव्या देत घरी येतो आणि चहा पितो. इथे तसं नाही. सुनीलने मला सरळच सांगितलं होतं, "आई, इथे माळावर ट्रक मेला की माणूस मेला." त्याला वाटलं मी काळजीने वायरीकडे लक्ष ठेवीन. मी ठेवलं. इतकं ठेवलं की माधुरी चिडवायची, सासूबाईंनी देवाऐवजी ट्रकसमोरच दिवा लावलाय. दिवा तिथे होताच. एक्स्टेंशनच्या टोकाला बारीक लाल दिवा होता, वीज चालू असली की तो लागायचा. झोपायच्या आधी मी खिडकीची काच बोटाने पुसून तो लाल ठिपका बघायची. दिसला की पडायचं.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी माधुरी नातीला, रेवाला, घेऊन गाडीने गेली होती. रेवाला शाळेत सोडून ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला जायची. सुनील घरीच होता. त्याला कारखान्यातून फोन आला की लांबच्या ढिगात ऊब धरल्यासारखी दिसतेय, बघून या. तो घाईत निघाला. थर्मास घेतला, टोपी घातली, "येतो आई" म्हणाला. मी आतलं दार लावून घेतलं आणि बाहेरच्या दाराच्या काचेतून बघत उभी राहिले, रोजच्यासारखी.

ट्रक घराच्या बाजूला, तोंड रस्त्याकडे करून उभा असायचा. बोर्ड मागच्या भिंतीला. म्हणून एक्स्टेंशनची नारिंगी वायर ट्रकच्या कडेने पुढे जाळीपर्यंत गेलेली असायची. सुनीलने समोरच्या काचेवरचा बर्फ खरवडून बघण्यापुरती जागा केली, आत बसला, इंजिन सुरू केलं. वायर काढायची राहिली. नारिंगी वायर बर्फावर तशीच होती. मला ती दिसत होती. लाल दिवासुद्धा दिसत होता. ट्रक हलला.

माझं तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. काचेवर हात मारायलाही हात उचलेना, कारण हाक तोंडाने मारली काय आणि हाताने मारली काय, ती मागूनच. मला तेव्हा शांता आठवली. मनात एकच आलं, पळत जायचं, ट्रकच्या पुढे जायचं आणि समोरून हात आडवा करायचा. मी दार ढकललं आणि घरातल्या सपातांवर, शाल न घेता बाहेर पळाले. पहिल्याच पायरीवर बर्फ होता. पाय गेला आणि मी कंबरेवर आपटले. वायर ताणली गेली, एकदा चाबकासारखा आवाज झाला आणि ट्रक रस्त्याला लागला. पडतानाही मी ओरडले नाही, हे मला नंतर आठवलं.

उठून बघितलं तर ट्रकची पिन एक्स्टेंशनमध्येच अडकून राहिली होती, तिला वीतभर काळी वायर, टोकाला तांब्याच्या तारा पिंजारलेल्या. लाल दिवा अजून लागलेलाच होता. मी ती पिन उपसून घेतली आणि आत आले.

घरात गेल्यावर मी स्वतःची समजूत घातली. इंजिन गरम आहे, तिथपर्यंत जाईल. पण पुढचं मला माहीत होतं, कारण त्यानेच जेवताना सांगितलं होतं. लांबच्या ढिगाजवळ एक खांब आहे, त्यालाही बोर्ड आहे. तिथे गेलं की ट्रक बंद करायचा, जनावर बांधावं तसा खांबाला बांधायचा आणि ढिगावर चढायचं. त्या ढिगावर दुसरं माणूस नसतं. दोन्हीकडे घर दिसत नाही. आता ट्रक बांधायला दावंच नव्हतं, ते माझ्या हातात होतं.

दुपारी जेवणाच्या वेळेला तो कारखान्यातून फोन करायचा, जेवलीस का एवढंच विचारायचा. त्या दिवशी फोन आला नाही. बाहेर वारा सुरू झाला होता. इथे वाऱ्याने जमिनीवरचा बर्फ उठतो आणि समोरचं घरही दिसेनासं होतं. भिंतीवर माधुरीने तिच्या कामाचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला होता. मी तो फिरवला. एक बाई इंग्रजीत काही बोलली. मी माधुरी, माधुरी म्हणाले. तिकडून गाणं सुरू झालं. मला वाटलं फोन रेडिओला लागला, मी ठेवून दिला. पुन्हा फिरवला, पुन्हा गाणं. तिसऱ्यांदा फिरवला, तेच गाणं.

मग मी सुनीलचा जुना कोट अंगावर घातला, बूट घातले आणि शेजारी डॉरिसकडे गेले. डॉरिस माझ्याच वयाची, शेतकऱ्याची विधवा. आमची ओळख लाटण्यापुरती होती. त्यांच्याकडे बटाट्याची पातळ पोळी करतात, ती एकदा तिने आणून दिली होती. मी तिला पुरणाची दिली. ती तिने लोणी लावून खाल्ली असावी, कारण नंतर पोटावर हात फिरवून दाखवला. याच्या पलीकडे आमचं बोलणं नव्हतं. तिने दार उघडलं. मला इंग्रजीतला एकही शब्द सुचला नाही. मी मूठ उघडून तिला ती पिन दाखवली.

डॉरिसच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिला काही सांगावं लागलं नाही. या मुलखात जन्म काढलेल्या बाईला तुटलेली पिन कळते, जसं आपल्याला कपाळावरचं पुसलेलं कुंकू कळतं. तिने फक्त "सूनील?" असं विचारलं, मी मान हलवली. ती फोनकडे गेली आणि कारखान्यात कोणाशी तरी मोठ्या आवाजात बोलली. मग मला खुर्चीवर बसवलं, माझे बूट काढले आणि पायांत लोकरीचे मोजे घातले. माझे पाय ओले झालेत हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. कंबर ठणकत होती. ती समोर बसली. टीव्ही लावला नाही, कॉफी दिली नाही. आम्ही दोघी खिडकीतून पांढऱ्याकडे बघत बसलो. मी देवाचं नाव घेतलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी घेतलं नाही. मी मनात कॅनॉलचा पूल बघत होते. या वेळी मी हाक मारली नव्हती, तरी तेच होणार, असंच वाटत होतं.

अंधारून यायला लागलं तेव्हा फोन वाजला. डॉरिस ऐकत राहिली, मग माझ्याकडे वळून तिने मान खालीवर केली. आणि मग डोळ्यांना रुमाल लावला. मला कळेना, ही मान हो म्हणते का गेला म्हणते. तो क्षण कोणावर येऊ नये. मग तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे केले आणि घराकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तो कारखान्याच्या दुसऱ्या ट्रकने आधी हॉस्पिटलात आणि मग घरी आला. डाव्या हाताला बँडेज. झालं होतं ते असं. ढिगाजवळ जाऊन त्याने ट्रक बंद केला, पिन हातात घ्यायला गेला तर पिनच नाही. त्याने विचार केला, इंजिन गरम आहे, थोड्या वेळाचं काम आहे. ढिगावर चढला तर ऊब एका जागी नव्हती, दोन जागी होती. वेळ गेला, वारा आला. परत येऊन किल्ली फिरवली, फिरवत राहिला, बॅटरी उतरली. मग बोलायचा रेडिओही गेला. हातमोजे काढून त्याने तुटलेल्या तारा खांबाच्या वायरीला जोडायचा प्रयत्न केला, बोटं हलेनाशी झाली तेव्हा सोडून दिला. कारखान्याच्या लोकांना तो ट्रकमध्ये घोंगडी गुंडाळून, कॉफीच्या डब्यात मेणबत्ती पेटवून बसलेला सापडला. पुढे त्याच्या करंगळीचं टोक काढावं लागलं. डॉक्टरांच्या मते स्वस्तात सुटला.

रात्रीचं जेवण कोणी नीट जेवलं नाही. सुनील म्हणाला, "आई, तू तर दारात होतीस. हाक का नाही मारलीस?"

मी म्हणाले, "निघालेल्या माणसाला?"

त्याने ताट बाजूला सरकवलं. मला वाटलं आता ओरडेल, आणि त्याने ओरडावं असंही वाटत होतं. पण तो म्हणाला, "निघताना ट्रकला हिसका बसला होता. कळलं काहीतरी अडकलंय. पण थांबून परत आलो असतो, तर तू मला आत बसवून पाणी पाजलं असतंस. आधीच उशीर झाला होता."

माधुरी हातातलं पोळीचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "वा. माय-लेक एकाच शाळेतले." मग ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

रेवा तेव्हा पहिलीत होती. तिने मला विचारलं, "आजी, व्हाय डिडन्ट यू जस्ट येल?" सुनीलने मराठीत सांगितलं, ती विचारतेय तू नुसती ओरडली का नाहीस. त्याने सांगायची गरज नव्हती, तेवढं इंग्रजी मला कळलं. मी तिला टायरची गोष्ट सांगायला लागले आणि मध्येच थांबले. पोरीच्या डोक्यात ते घालायचं नाही, एवढं मी त्या क्षणी ठरवलं.

ट्रकला नवी पिन बसली. पुन्हा तो कामावर निघाला त्या सकाळी मी काचेशी उभी राहिले. वायर त्याने काढलेली होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मी दार उघडलं आणि मागून ओरडायला तोंड उघडलं. घशातून फक्त वाफ आली. दुसऱ्या दिवशी आवाज निघाला, पण असा की मांजरही वळलं नसतं. तिसऱ्या सकाळी मात्र मी शिवारात ऐकू जाईल अशी हाक मारली, "सुनील, वायर!" डॉरिसच्या खिडकीचा पडदा हलला. सुनीलने ब्रेक लावला, खाली उतरला, जाळीतून लोंबणारी वायर वर करून दाखवली आणि पुन्हा बसला. मी त्याला पाणी प्यायला बोलावलं नाही. त्या दिवशी दुपारचा फोन येईपर्यंत मी अन्नाला शिवले नाही. मला खात्री होती की मी त्याला मारलं.

त्यानंतर किती हिवाळे गेले. मी रोज हाक मारते. तुम्हाला वाटेल आता भीती गेली असेल. गेली नाही. रोज हाक मारल्यावर ती येऊन बसते, आणि फोन आला की उठते. हाक न मारली तरी यायची, मारली तरी येते, मग मारलेली बरी. रेवाही आता शाळेला निघताना पायरीवर थबकते आणि माझ्या ओरडण्याची वाट बघते. तिच्या दप्तराला वायर नाही, तरी मला काहीतरी ओरडावं लागतं. डबा, टोपी, काहीही.

इथले आपले लोक मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की विचारतात, आजी, घरची आठवण येते का, घर सोडून करमतं का. कॉलनीतल्या त्या दोन खोल्या मी विसरलेले नाही. पण तिथून मी कोणाला हाक मारू शकत नव्हते. इथे मारते. एवढाच फरक मला कळतो.

शांता, पुढच्या उन्हाळ्यात मी येणार आहे. राहीन थोडे दिवस, आणि परत निघेन. निघताना माझं काहीतरी राहणारच, चष्मा नाहीतर गोळ्या. तेव्हा चप्पल टाकून जीपच्या पुढे पळत येऊ नकोस, तुझे गुडघे आता तसे राहिले नसतील. फाटकातच उभी राहा आणि मागून हाक मार. जोरात मार. मी जीप थांबवीन आणि वळून बघीन.